कोपराची जागा

मार्चमधली दुपार. सुतारकाम करणाऱ्या मेस्तांना आणि त्यांच्या भाच्याला चहा द्यायला मी माटवात, अंगणातल्या छपराखाली गेले, तेव्हा तो पोरगा खिडकीच्या पट्टीवर रंधा मारत होता. रंध्याच्या तोंडातून सागाच्या पातळ सुरळ्या निघून त्याच्या पायांवर पडत होत्या. जुन्या सागाचा तो तेलकट, किंचित चामड्यासारखा वास माटवभर पसरला होता. मला बघून तो थांबला, पट्टीवरून तळहात फिरवला आणि खुशीत म्हणाला, "पळे बाय, कशी सरळ जाल्या ती!" पट्टी खरंच सरळ झाली होती. ती आमच्या जुन्या बसच्या ड्रायव्हरच्या उजव्या हाताच्या खिडकीची पट्टी. तिच्या मधोमध एक खळगा होता, पळीच्या खोलगटाएवढा, पंचवीस वर्षं एकाच माणसाचं कोपर टेकून टेकून झालेला. तो आता राहिला नव्हता. मी "बरी जाली रे" म्हणाले, चहाचे पेले बाकावर ठेवले आणि घरात येऊन बराच वेळ मोरीवर हात धूत राहिले. हातांना काही लागलेलं नव्हतं.

चूक माझीच. जे लाकूड ठेवायचं त्यावर मी खडूने गोल करत होते. त्या पट्टीवर गोल करायचा राहून गेला.

आमच्या गोव्यात जुने लोक बसला अजून कारेर म्हणतात. पोर्तुगीज भाषेतला हा शब्द ठरलेल्या वाटेचा, ठरलेल्या फेरीचा. वाटेचं नाव गाडीला चिकटलं आणि पोर्तुगीज गेल्यावरही राहिलं. आमची कारेर मात्र मुक्तीनंतरची. १९६३ साली बाबांनी आजीच्या पाटल्या आणि एका भाटाचं, म्हणजे बागेचं, तीन वर्षांचं उत्पन्न गहाण टाकून टाटा मर्सिडीज बेंझची चासी घेतली. तेव्हा टाटांच्या टेल्कोचा जर्मन कंपनीशी करार चालू होता, त्यामुळे गाडीच्या लांब नाकावर तीन टोकांचा तारा होता. वर्गातल्या मुलांना मी तो तारा दाखवायला घरी आणत असे. चासी म्हणजे इंजिन, चार कोपऱ्यांना चाकं, एक स्टिअरिंग आणि बसायला फळी. वरचं सगळं घर इथल्या मेस्तांनी बांधलं. खांब आणि कमानी सागाच्या, तळाची फळी माट्टीची म्हणजे ऐनाची, बाहेरून पत्रा, टपावर रंग पाजलेलं किंतान. त्या बांधणीचं काम आमच्याच अंगणात चार महिने चाललं होतं असं आई सांगायची. मी त्याच वर्षी जन्मले. बस आधी की मी आधी यावर घरात कायम वाद असे.

डिचोलीहून मुळगाव, अस्नोडा, थिवी करत म्हापसा, आणि तसंच परत. दिवसाला चार फेऱ्या. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, त्यामुळे पहाटेची पहिली फेरी माणसांपेक्षा मालाचीच. टपावर केळीचे घड, सुपारीची पोती, आतल्या बाकांखाली पाय बांधलेल्या कोंबड्या, मे महिन्यात मानकुराद आंब्यांच्या पाट्या. त्या पाट्या बसमध्ये आल्या की डिझेलचा वास हरायचा. परतीच्या फेरीला सुक्या मासळीचा वास जिंकायचा. वैशाखात शिरगावच्या लईराई देवीची जत्रा आली की धोंडगणांना, म्हणजे व्रतस्थ भक्तांना घेऊन बस जायची. सोवळ्यातली ओली माणसं, हातात रंगीत गोंड्यांच्या वेताच्या काठ्या, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांचे हार. दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना बाकांच्या फटींत त्या कळ्या उमललेल्या सापडायच्या. मी त्या वेचून कंपासपेटीत भरायची.

माझी जागा ड्रायव्हरच्या मागच्या आडव्या बाकाच्या टोकाला, खिडकीशी. तिथून मला रस्ता दिसत नसे. दिसायचं ते शोफेरमामांचं उजवं कोपर. ते आमच्या नात्यातले नव्हते, पण आम्ही भावंडं त्यांना मामच म्हणत आलो. खाकी बाही तीन घड्या घालून वर केलेली, कोपर पट्टीवर, आणि हात बाहेरच्या वाऱ्यात सैल सोडलेला. समोरून खाणीचा ट्रक आला की बोटं नुसती वर उठायची, नमस्कार झाला. वळण आलं की कोपर निघायचं, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि वळण सरलं की ते कुठेही न चाचपडता बरोब्बर त्याच जागी येऊन बसायचं. घामाने ती जागा काळपट आणि गुळगुळीत झाली होती, देवळातल्या उंबऱ्यासारखी. बस उभी असताना मी हळूच माझं कोपर तिथे ठेवून पाहायची. माझं त्यात पोहायचं. सात वर्षांची असताना पोहायचं आणि सोळाव्या वर्षीही पोहायचंच.

सोळावं म्हटल्यावर ते दिवस आठवतात. १९७८-७९ साली गोव्यातली मुलं अर्ध्या तिकिटासाठी रस्त्यावर उतरली. दादा म्हापशाच्या कॉलेजात होता. मोर्च्यात सगळ्यात पुढे, घसा बसेपर्यंत घोषणा देणारा. आणि घरात बसमालक बाप. बाबा वाईट मालक नव्हते. दुपारच्या फेरीला शाळेची कितीतरी पोरं फुकट येत, बाबा बघून न बघितल्यासारखं करत. पण फुकट सोडणं आणि कायद्याने अर्धं घेणं यात त्यांना फरक वाटे, आणि डिझेलचं बिल तर पुरं भरावं लागे. आठ दिवस बापलेक एका पंगतीत जेवले नाहीत. दादा रात्री उशिरा यायचा आणि बसमध्येच बाकावर झोपायचा. एकदा आईने मला त्याला पांघरूण द्यायला पाठवलं, तर माम पायरीवर बसलेले. दादाला ते हळू आवाजात सांगत होते की अर्धं तिकीट मिळायला हवंच, पण उद्या दगड कुणाच्या काचेवर पडणार असेल तर तुझ्या बाबांच्या काचेवर पडू दे, ती मी बदलीन. मी पांघरूण बाकावर ठेवून पळून आले. मुलांना अर्धं तिकीट मिळालं. पुढच्या वर्षी, १९८० साली, सरकारी बसचं कदंब महामंडळ आलं. त्या घडामोडींत आमच्या नाकाड्या कारेरीचं काय होणार हे बाबांना तेव्हाच कळलं असावं. तरी १९८८ पर्यंत त्यांनी ती ओढली.

मग ती माटवात आली आणि तिथेच राहिली. भंगारवाले दर वर्षी येत. बाबा दर वर्षी सांगत, "पावस सरूं दी, मागीर पळोवया." असे कितीतरी पावसाळे सरले आणि एका पावसाळ्यात बाबा सरले. त्यांच्या मागे बसचा तेवढाच विषय आमच्या घरात कुणी काढत नव्हतं. दादा लिस्बनला, मी बँकेच्या बदल्यांवर. निवृत्त होऊन घरी आले त्या पहिल्या श्रावणात माटवाच्या छपराचे नळे फुटून पाणी बसच्या टपावर पडत होतं. ते बघायला म्हणून शिडी लावली, ती त्या दिवसापासून आजपर्यंत निघालेली नाही.

पहिलं काम धुण्याचं. मला वाटलं होतं गंज निघेल. निघाली ती माती. पत्र्याच्या प्रत्येक शिवणीतून, रिबेटांच्या माळेतून, बाकांच्या खाचांतून तांबडं पाणी वाहत राहिलं. खाणीच्या ट्रकांमागून पंचवीस वर्षं चालताना गाडीने गिळलेली सगळी धूळ ती. अंगण तीन दिवस तांबडं होतं. त्यानंतर लाकूड. वाळवीचं मला भय होतं, पण वाळवीने सागाला फारसं तोंड लावलं नव्हतं. नुकसान पाण्याने केलं होतं, आणि तेही खालून. पाऊस पत्र्याच्या आत उतरतो, खांबांच्या पायथ्याशी साचतो आणि बाहेर यायला वाट सापडत नाही. वरच्या कमानी टोकल्या तर टणटण वाजायच्या आणि त्याच खांबांचे पाय बोटाने कुस्करता यायचे. मेस्तांनी सगळे खांब वीतभर कापले आणि खाली नवे तुकडे तिरप्या सांध्याने जोडले. लाकूड पाडलेल्या एका घराच्या वाशांचं, म्हणजे नवं तरी कसं म्हणू. प्रत्येक सांध्याला ते काजूच्या टरफलांचं तेल पाजायचे, होडीला पाजतात तसं. ते तेल अंगाला लागलं की कातडी सोलते. मेस्तांच्या बोटांची पेरं वर्षभर गुलाबी होती.

दर दिवशी ते एखादी फळी हातात घेऊन विचारायचे, "हें दवरूं काय काडूं?" ठेवू की काढू, या प्रश्नाने मला फार दमवलं. पाठीच्या दाराजवळची माट्टीची फळी कंडक्टरच्या उभं राहण्याने झिजली होती, तिच्यावर मी ताबडतोब खडूने गोल केला. बाकांच्या पट्ट्या सगळ्या बदलल्या आणि तेव्हा मला काहीही वाटलं नाही. पत्रा निम्मा नवा आहे. रंग खरवडताना निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली मरून आणि त्याखाली शेंदरी प्रायमर निघाला. दादाने व्हिडिओवर पाहून सांगितलं, मरूनच दे, आपल्या लहानपणीचा तोच. मला आठवत होता तो हिरवा. त्यावरून आम्ही साठीतली दोन माणसं तावातावाने भांडलो. शेवटी मरून दिला, कारण पहिला तो होता आणि दादा रडायच्या बेताला आला होता.

इंजिनाची गोष्ट वेगळी, तिथे ठेवू की काढू असा प्रश्नच नसतो. चालतं किंवा चालत नाही. सहा सिलिंडरचं, साडेचार लिटरांहून थोडं मोठं इंजिन इतकी वर्षं उभं राहून आवळलं होतं. नोझल काढून त्या भोकांतून डिझेल आणि ऑइल ओतलं, आठवडाभर थांबलो, मग समोरून हँडल घालून मी, भाचा आणि शेजारची दोन पोरं असे चौघं लोंबकळलो. विसाव्या दिवशी ते बोटभर फिरलं. तो 'चुक' असा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. चोरल्याच्या घाटातून बेळगाव आणि तिथून कोल्हापूर, अशा पाच खेपा झाल्या. उद्यमनगरात एका छोट्या शेडमध्ये सत्तरीचे एक मिस्त्री भेटले. त्यांनी क्रँक हातात घेतला, जर्नलवरून, म्हणजे बेअरिंगात फिरणाऱ्या भागावरून नख फिरवलं आणि "कुणी चालवली ही गाडी?" असं विचारलं. मी घाबरले. ते म्हणाले, "नाही, क्रँक एकसारखा झिजलाय. हा माणूस गाडी रेटत नव्हता." मला तिथे, त्या लोखंडाच्या कीसात उभं राहून, मामांच्या वतीने फार अभिमान वाटला. घरी आल्यावर मी त्यांना जाऊन सांगितलं. ते नुसते हसले आणि विचारलं, मायको कंपनीचा डिझेलचा पंप तोच ठेवलास ना? तोच ठेवला होता.

कागदांची बाजूही मी पुरी पाहिली. २०२१ सालापासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरपाटीवर 'व्हीए' अशी अक्षरं येतात. पण ती दुचाकींना आणि खासगी वापराच्या मोटारींना. जन्मभर तिकीट फाडून माणसं नेणाऱ्या बसला त्यात खाना नाही. ज्या गाडीत एक कुटुंब रविवारी फिरायला गेलं ती वारसा, आणि जिच्यातून आख्खा तालुका बाजाराला, बाळंतपणाला, परीक्षेला गेला तिचं काय, हे मला कुणीतरी समजावून सांगावं असं फार वाटतं. तूर्त आमच्या कारेरीची वाट माटवापासून फाटकापर्यंत आहे. मी मोजली, चाळीस पावलं.

तर, ती पट्टी. त्या संध्याकाळी मेस्त गेल्यावर मी विजेरी घेऊन माटवात गेले आणि सुरळ्यांच्या ढिगात बसले. साग सगळा सारखाच पिवळा, पण खळग्याच्या वरच्या काठाच्या सुरळ्या एका बाजूने काळपट असणार असा माझा हिशोब होता. हिशोब बरोबर निघाला. पाच सापडल्या. एकीला नाकाजवळ नेलं तर घामाचा वास नव्हता, नुसता लाकडाचा. त्या मी बाबांच्या तिकिटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. मेस्तांना मी काही बोलले नाही. त्यांच्या भाच्याच्या हाताला फार चांगला गुण आहे, आणि त्याने वाकडं दिसलं ते सरळ केलं. त्याच्या जागी मी असते तर मीही केलं असतं. कुणी सुचवलं की गोल पटाशीने तसाच खळगा पुन्हा कोरून घे. तसा कोरता येईल हे खरं आहे. भाचा अर्ध्या तासात करून देईल. पण त्यात कोपर कुणाचं?

मला छळत होतं ते निराळंच. निम्मा पत्रा, सगळी बाकं, खांबांचे पाय बदलताना मी कधी अडखळले नाही, आणि बोटभर लाकडासाठी जेवण जात नव्हतं. मी हे काम गाडीसाठी करत होते असं सगळ्यांना सांगत होते. दादाला, मेस्तांना, कोल्हापूरच्या मिस्त्रींना, स्वतःलाही. त्या सुरळ्या चाळताना लक्षात आलं की मला गाडी नकोच होती. मला तो मागचा बाक हवा होता, पुढे कोपर, बाबा पायरीवर उभे राहून म्हापशाच्या अलीकडे कुठे नारळ उतरायचेत ते ओरडून सांगताहेत, आणि दादा अजून घरी आहे. बस ही त्यातली सहज हाताला लागणारी वस्तू, म्हणून ती धुवायला घेतली.

एप्रिलच्या शेवटी इंजिन सुरू झालं. पंपातली हवा काढायला सकाळ गेली. डॅशबोर्डवर एक बारीक जाळी आहे, तिच्या मागे तार तापून लाल होते. ती लाल दिसली की आतले हिटर प्लग तापले असं समजायचं. एक जरी प्लग गेला तरी तार काळीच. तीन वेळा काळीच राहिली. चौथ्या खेपेला हळूहळू, पणतीची वात लागावी तशी लाल झाली. मी स्टार्टर दाबला. आधी पांढरा धूर, मग काळा, मग सगळ्या खिडक्यांची खडखड, मग तो आवाज. शेजारणीच्या कोंबड्या कुंपणापलीकडे उडाल्या. भिंतीआडून तिची सासू म्हणाली, "कारेर आयली गो." तिने तो आवाज पस्तीस वर्षांत ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामांना आणलं. अठ्ठ्याऐंशी पूर्ण. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत, गुडघे दुखतात, पण ताठ चालतात. माटवाशी येऊन ते आधी पुढच्या चाकाशी उभे राहिले, टायरला पायाने हलकंसं टोचलं, रोज सकाळी टोचायचे तसं. मरून रंगावर त्यांनी काहीच म्हटलं नाही. पायरी चढायला मी आणि भाच्याने हात दिला, तो त्यांनी घेतला. मी माझ्या बाकावर जाऊन बसले, मांडीवर तिकिटांचा डबा. मनाशी ठरवलं होतं, आधी त्यांना सांगायचं, डबा उघडून दाखवायचा, माफी मागायची, मगच गाडी सुरू. चांगली चार वाक्यं जुळवून ठेवली होती.

ते सीटवर बसले. स्टिअरिंगवर दोन्ही तळवे ठेवून क्षणभर थांबले. क्लच दाबून पाहिला, गिअरचा दांडा एकेका घरात नेऊन परत मधे आणला. मग उजवा हात उचलला आणि न बघता कोपर पट्टीवर टेकलं. ते घसरलं. त्यांनी पुन्हा टेकलं, थोडं पुढे. पुन्हा घसरलं. पट्टीकडे त्यांनी मान वळवलीही नाही. बाही थोडी वर सारून स्वतःच्या दंडाकडे पाहिलं, अंगठा आणि बोटाने कोपराभोवती कडं करून मापलं, आणि मला म्हणाले, "बाय गो, म्हजो हात बारीक जालो."

माझी चारही वाक्यं तिथेच राहिली. मी डब्याचं झाकण तळव्याने दाबून धरलं.

त्यांनी हिटर धरला, तार लाल होईपर्यंत थांबले, माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबले, आणि इंजिन पहिल्याच खेपेला लागलं. भाचा पाठीच्या दारात, त्या झिजलेल्या फळीवर उभा होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याने दोन बोटं तोंडात घालून शीळ मारली. "ल्हव ल्हव," हळू हळू, असं माम स्वतःशीच म्हणाले. गाडी माटवाच्या सावलीतून उन्हात आली, फाटकापर्यंत गेली, थांबली, आणि मामांनी मागे वळून बघत ती तशीच सरळ मागे आणली. खडबडीत चिऱ्यांवर दर हिसक्याला त्यांचं कोपर पट्टीवरून निसटत होतं आणि दर वेळी ते उचलून ते पुन्हा तिथेच ठेवत होते.